शेवटचा नंबर वाचला, डेम्पो खाली गेला!

आज गोल कमी, हिशेब जास्त.

फुटबॉल लीगमध्ये तळाला राहणारा संघ खालच्या लीगमध्ये जातो. यालाच रेलिगेशन म्हणतात. खाली गेलं की टीव्हीचे पैसे आटतात, पण खेळाडूंचे पगार अनेकदा त्या प्रमाणात घटत नाहीत. म्हणून घाबरलेले क्लब ऐपतीबाहेर खर्च करतात. त्याला लगाम घालायला युएफानं 2010 मध्ये फायनान्शियल फेअर प्लेचे नियम मंजूर केले. सोप्या भाषेत, अंथरूण पाहून पाय पसरा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 2025-26 पर्यंतच्या नियमांनुसार तीन वर्षांत जास्तीत जास्त 10.5 कोटी पौंड तोटा चालायचा. खालच्या लीगमध्ये काढलेल्या वर्षांसाठी ही मर्यादा आणखी कमी व्हायची.

आता आपल्याकडे या. 2014-15 चा आय-लीग सीझन. गोव्याचा डेम्पो म्हणजे पाच वेळा राष्ट्रीय विजेता. त्याच सीझनला पुण्यातून नवा क्लब आला, भारत एफसी. मालक कल्याणी ग्रुप, मैदान बालेवाडी. हा क्लब खालून जिंकत वर आला नव्हता, त्याला थेट प्रवेश मिळाला होता. आणि थेट प्रवेशासोबत एक सवलतही होती: रेलिगेशन लागू नाही.

सीझन संपला. अकरा संघांत भारत एफसी शेवटचा, डेम्पो दहावा. खाली कोण गेलं? डेम्पो!

खरी गंमत पुढेच आहे. ज्याला वाचवलं, तो भारत एफसी त्याच वर्षी बंद पडला. ज्याला खाली ढकललं, तो डेम्पो 2016 मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून मैदानावरच परत वर आला. पण तेव्हा फेडरेशन आयएसएलला देशाची मुख्य लीग करून आय-लीगला दुय्यम ठरवायच्या तयारीत होतं. त्याच्या निषेधात साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो हे तिन्ही गोवेकर क्लब बाहेर पडले. त्यामुळे रेलिगेट झालेल्या मिझोरामच्या ऐझॉलला परत जागा मिळाली, आणि 2017 मध्ये तोच ऐझॉल चॅम्पियन झाला! कोच होते खालिद जमील, आधी बरीच वर्षं मुंबई एफसीचे कोच. त्याच सीझनला मुंबई एफसी तळाला गेला, आणि मग क्लबच बंद झाला.

म्हणजे बघा, इंग्लंडमध्ये विचारतात, 'खर्च किती केला?' पळवाटा तिथेही आहेत. लेस्टर 2023 मध्ये खाली गेला, आणि हिशेबाच्या तारखेला तो प्रीमियर लीगचा सदस्यच नव्हता, या मुद्द्यावर 2024 मध्ये अपील जिंकून सुटला. पण निदान तिथे हिशेब मागतात तरी. आपल्याकडे नव्या मालकाला सवलत दिली, पण एक साधा प्रश्न उरलाच: हरलास तर पुढच्या वर्षी क्लब चालवशील का?

डेम्पो 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परत खेळला. भारत एफसीचा फॅन मात्र आज कुठल्या मैदानावर जाणार?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!