वेताच्या पेटीतले मूल

एम. ए.च्या वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवण्याचा माझा क्रम ठरून गेलेला आहे. आधी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’, मग अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’, त्यानंतर पु. लं.ची ‘अपूर्वाई’, आणि वेळ उरलाच (बहुधा उरत नाही) तर पुढचे काही. यंदा ‘अपूर्वाई’वर बोलणे चालू असताना मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, ह्या सगळ्या प्रवासांत लहान मुलं कुठं असतात?” वर्ग हसला. विचारणारी मात्र हसत नव्हती. तीन वर्षांच्या मुलाला सासूच्या स्वाधीन करून रोज एस. टी.ने वर्गाला येणारी ती मुलगी. सुट्टीत त्याच मुलाला घेऊन ती नऊ तासांचा प्रवास करून माहेरी जाते. मी काहीतरी उत्तर दिले. प्रवासवर्णनाच्या केंद्रस्थानी निवेदकाचे एकटेपण असते, वगैरे. उत्तर चुकीचे नव्हते, पण ती पळवाट होती हे मला घरी जाईपर्यंत कळून चुकले.

आपल्या प्रवासवर्णनांचा नायक मोकळ्या हातांनी निघतो. गोडसे भटजी वरसईहून उत्तरेकडे निघाले ते काकांबरोबर. १८५७च्या धामधुमीतून ते परत आले, त्यांनी हकीकत लिहिली आणि १९०७ साली ती छापून निघाली. तिच्यात झाशी आहे, लुटालूट आहे, उपासमार आहे. कडेवर रडणारे मूल घेऊन वाट चालण्याचा अनुभव तिच्यात असण्याचे कारण नाही. त्या काळी वाटेवर मुले नव्हती असे मात्र नाही. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरी येई ती मूल घेऊनच, मुराळी होऊन आलेल्या भावाच्या गाडीतून. जात्यावरच्या ओव्यांत हा प्रवास पुन्हा पुन्हा येतो. कुटुंबेच्या कुटुंबे काशीला, पंढरीला जात. ही मुले प्रवासवर्णनांत सापडत नाहीत. ती सापडतात आत्मचरित्रांत, आणि तीही प्रामुख्याने बायकांच्या.

त्यांतले सर्वांत लहान मूल बहुधा पंडिता रमाबाई. १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. त्या सहा महिन्यांच्या असताना अनंतशास्त्री डोंगरे यांनी तिथला आश्रम मोडला आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. लहानग्या रमेला वेताच्या एका मोठ्या पेटीत ठेवले आणि एका माणसाने ती पेटी डोक्यावरून डोंगराखाली उतरवली. ही हकीकत रमाबाईंनीच आपल्या आत्मनिवेदनात सांगितली आहे, आणि आपले यात्रेकरूचे आयुष्य तान्हेपणीच सुरू झाले असेही म्हटले आहे. पुढची सोळा वर्षे हे कुटुंब चालतच राहिले. एका तीर्थावर काही महिने राहायचे, देवळात किंवा घाटावर पुराण वाचायचे, ऐकणारे जे देतील त्यावर गुजराण करायची आणि पुढे निघायचे.

आठव्या वर्षापासून रमाबाईंना आईने शिकवले. १८८७ साली रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला अमेरिकेतल्या डॉ. रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. तीत ह्या शिकवणीचे चित्र आहे. दिवसभर आईला कामातून सवड नसे, म्हणून पहाटे, उजाडण्याच्या आधी, झोपेने जड झालेल्या मुलीला ती लाडीगोडी लावून उठवी आणि धडा म्हणवून घेई. पुस्तक नाही, आईच्या तोंडून येईल तेच पुस्तक. हे चित्र अमेरिकन वाचकांसाठी जरा गोड करून रंगवलेले आहे, हे मान्य. पण त्यातली व्यवस्था खरी आहे. सतत चालणाऱ्या कुटुंबाच्या सामानात पोथ्यांना जागा थोडी, आणि पाठ केलेल्या श्लोकाला वजन नसते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ‘मुलांना रमवणे’ ही शिकवण्यापासून, कामापासून वेगळी काढलेली कल्पना त्या वाटेवर नव्हती. रमाबाईंना जे पाठ होते ते त्यांचे मन रमण्यासाठी नव्हते, ते पोटासाठी होते. पुढे त्या स्वतःही पुराण सांगू लागल्या. १८७४ साली उपासमारीत वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण. उरलेली दोन भावंडे पायी फिरत राहिली ती १८७८ साली कलकत्त्याला पोचेपर्यंत. तिथल्या पंडितांनी ह्या मुलीचे पाठांतर ऐकून तिला ‘सरस्वती’ म्हटले. आपण ती सभा शिकवतो. तिच्या मागची हजारो मैलांची वाट शिकवत नाही. १८८३ साली रमाबाई आनंदीबाई भगतांबरोबर इंग्लंडला निघाल्या तेव्हा दोन वर्षांची मनोरमा त्यांच्याबरोबर होती. त्या बोटीवर मनोरमेचा दिवस कसा जात असेल, हा प्रश्न मीही वर्गात कधी उभा केलेला नाही.

श्लोक पाठ करून घेणे हे ज्या घरांत पोटासाठी नव्हते, तिथे तेच खेळ होऊन बसले. भेंड्यांचा उगम श्लोकांत आहे, सिनेमाच्या गाण्यांत नव्हे, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. मनाचे श्लोक २०५, शिवाय वामनपंडित आणि मोरोपंत. इतकी पुंजी असली की छकड्यातला एक प्रहर निघून जाई. माझे आजोबा सांगत की त्यांच्या वडिलांना भेंड्यांची आवड नव्हती, त्यामुळे गाडीत परवचा चाले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, आणि कोणी फार मस्ती केली तर शिक्षा म्हणून औटकी. बैलांच्या गळ्यातल्या घुंगूरमाळेच्या ठेक्यावर साडेतीनचा पाढा म्हणणारी पोरे डोळ्यांसमोर आणली की मला हसू येते. आजोबांना येत नसे.

पाठांतराइतकीच जुनी गोष्ट म्हणजे कहाणी. शेणाच्या घरातला कावळा आणि मेणाच्या घरातली साळई ह्यांची कथा ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या तोंडी आहे. मराठीतल्या बालकथेची पहिली लिखित खूण म्हणून ती आपण दाखवतो. ती सांगणारा पुरुष परिव्राजक होता, आज ह्या गावी तर उद्या त्या, हे दाखवायचे मात्र राहून जाते. ज्याला घर नाही त्याने घराची गोष्ट सांगितली. दुसरी तितकीच परिचित कथा लेकीकडे निघालेल्या म्हातारीची. ती तर निखळ प्रवासकथा. वाटेत वाघ, कोल्हा, आणि परतताना भोपळ्यात बसून सुटका. ही गोष्ट गाडीत सांगून पाहावी. मूल भोपळ्यात शिरते, कारण ते आधीच कशाच्या तरी आत बसून हेलकावे खात असते. बाहेरच्या अंधाराला त्यामुळे तोंड आणि नाव मिळते. आणि आपल्या लोककथांतला प्रवासी तहानलाडू-भूकलाडू घेतल्याशिवाय घर सोडत नाही, ह्यातही ती गोष्ट सांगणाऱ्या बाईचा अनुभव दिसतो. भुकेलेले मूल कहाणी ऐकत नाही.

आगगाडी आली आणि वाटेचे स्वरूप पालटले. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी आपल्याला पाठ्यपुस्तकांनी पाठ करून दिली आहे. मला जास्त विलक्षण वाटतो तो नंतरचा दहा वर्षांचा काळ. गाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत आली होती, आणि १८५८च्या जूनमध्ये खंडाळा-पुणे हा वरचा तुकडाही सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३पर्यंत व्हायचा होता. त्या पाच वर्षांत मुंबईहून पुण्याला येणारे कुटुंब आगगाडीतून उतरून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि वर पुन्हा आगगाडीत बसे. रमाबाईंची पेटी डोंगर उतरली ते हेच वर्ष, १८५८. एकाच सह्याद्रीत एक मूल माणसाच्या डोक्यावरून उतरत होते आणि दुसरे डब्याच्या खिडकीतून इंजिनाचा धूर पाहत होते.

१८६३ साली बोरघाट पूर्ण झाला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ आणि पंचवीस बोगदे. ते खोदताना मजूर हजारोंनी मेले. त्या पंचवीस बोगद्यांचे मुलांनी काय केले? ते मोजले. बोगदा आला की ओरडायचे, उजेड आला की गप्प व्हायचे, आणि आकडा धरून ठेवायचा. माझ्या आईच्या लहानपणी हे होते, माझ्या लहानपणी होते, आजही कर्जत सुटले की डब्यात कोणीतरी मोजू लागते. कोणी शिकवलेला नाही, पुस्तकात नाही, वस्तू लागत नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. लोकवाङ्मयाची आपण वर्गात जी लक्षणे लिहून देतो त्यांतली जवळजवळ सगळी ह्या ओरडण्याला लागू पडतात.

 मुलाच्या आईकडे रेल्वेच्या कायद्याने एकदा लक्ष दिले. १८९०च्या भारतीय रेल्वे कायद्यात प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा बायकांसाठी राखून ठेवावा असे कलम आहे. गाडी पन्नास मैलांहून लांब जाणारी असेल तर त्या कप्प्याला शौचकूप असावे, असेही ते सांगते. तान्हे मूल घेऊन खालच्या वर्गाने जाणाऱ्या बाईसाठी त्या वाक्याची किंमत काय असेल ह्याची कल्पना मूल न सांभाळलेल्या माणसाला येणार नाही. मुलाला रमवणे ही नंतरची पायरी. त्याआधी त्याला कोरडे ठेवणे, पाजणे आणि निजवणे असते, आणि त्याला जागा लागते. त्या बायकांच्या डब्यांत अनोळखी बायकांनी एकमेकींची किती मुले मांडीवर घेतली असतील, ह्याचे वाङ्मय कोणी लिहिले नाही.

अर्ध्या तिकिटाचा मात्र आपल्याकडे स्वतंत्र कथासंग्रह होईल. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेली. त्या लाल गाडीत वाढलेल्या पिढीला आईने शिकवलेले पहिले कल्पित म्हणजे स्वतःचे वय. मला साडेपाच वर्षांची असताना “साडेचार” म्हणायला सांगितले होते. वाहकाने विचारले तेव्हा मी दोन्ही आकडे सांगितले. आई तो प्रसंग अजून विसरलेली नाही. रेल्वेत २०१६पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडे पडते, त्यामुळे ह्या कलेचा एक मोठा आश्रयदाता कमी झाला.

आजोळच्या त्या प्रवासांत करमणुकीची साधने काय होती? खिडकी, आणि तिच्यासाठी भावाशी भांडण. गाडी लागू नये म्हणून गालात ठेवलेली आवळासुपारी. मैलाचे दगड, मला वाटते माझी अक्षरओळख शाळेपेक्षा मैलाच्या दगडांनी आणि दुकानांच्या पाट्यांनी पक्की केली. स्थानकावर वडील उतरले तर ‘चांदोबा’ येई. तो मराठीत १९५२ साली आला होता आणि विक्रम-वेताळ घेऊन घरोघर पोचला होता. वेताळाची रचनाही प्रवासाचीच. पाठीवर ओझे, वाट लांब, आणि वेळ जावा म्हणून गोष्ट. ‘किशोर’ १९७१पासूनचा, तो घरी येई म्हणून प्रवासासाठी राखून ठेवलेला असे. गदिमांचे मामाच्या गावचे आगगाडीचे गाणे आम्ही गाडीत कधी म्हटल्याचे आठवत नाही. ते घरी, खुर्च्या एकामागे एक लावून म्हणायचे गाणे होते.

आता पडदा हातात आला आहे. मी त्यावर टीका करणार नाही. नऊ तास मूल सांभाळणाऱ्या बाईने कोणाची परवानगी घ्यावी असे मला वाटत नाही.

पण त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आणखी एक बाजू होती, आणि ती वर्गातल्याच दुसऱ्या एका मुलाने पुढे आणली. तो म्हणाला, “आमच्यात प्रवास म्हणजे कारखान्याला जाणं.” त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये भांडीकुंडी, त्यावर गोधड्या, त्यावर मुले. त्या रात्रभरच्या वाटेवर त्याला काय आठवते, असे मी विचारले. कोयते बांधून ठेवलेली गोणी पायाला लागू नये म्हणून पाय पोटाशी घेऊन झोपायचे, आणि पुढच्या ट्रकमधली पोरे ओरडली की आपण ओरडायचे.

मग ‘उपरा’ पुन्हा काढले. लक्ष्मण माने यांचे हे आत्मकथन १९८० सालचे. मी ते दलित-भटक्यांचे साहित्य ह्या घटकात शिकवत आले आहे, प्रवासाच्या घटकात कधीच नाही. टोपल्या, कणग्या विणणाऱ्या कैकाडी कुटुंबाचे गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड, त्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव जाणारे आणि मधूनच शाळेत बसवले जाणारे मूल. रमाबाईंचे कुटुंब आणि हे कुटुंब, दोन्ही पोटासाठी चालणारी. एकाला घाटावर बसून पुराण सांगता येत होते, दुसऱ्याला गावाबाहेर पाल ठोकावे लागत होते. दोन्ही पुस्तके एका तासाला शेजारी ठेवायची असे ह्या वर्षी ठरवले आहे. अभ्यासक्रमात ती वेगवेगळ्या सत्रांत आहेत, तेव्हा विभागाच्या बैठकीत थोडी वादावादी होईल.

विद्यार्थिनीने अंतर्गत मूल्यमापनासाठी हाच विषय घेतला. माहेरी गेली असताना आजीला विचारून तिने अकरा पाने भरून आणली आहेत. बैलगाडीत मुलांना काय सांगत, कोणत्या वळणावर कोणता मुंजा दाखवत, नदी ओलांडताना काय म्हणायला लावत. बहुतेक मजकूर मी कुठेही वाचलेला नाही. परवा ती विचारायला आली होती की तळटीपेत लेखक म्हणून आजीचे नाव लिहायचे की आजीची आई म्हणून लिहायचे, कारण आजी म्हणते, हे सगळे तिचे नाही.