हॉपकिन्स घराणे (प्लिमथ वसाहत)

हॉपकिन्स घराणे हे उत्तर अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीच्या आद्य रहिवाशांपैकी एक इंग्रज घराणे होय. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेले स्टीफन हॉपकिन्स (मृत्यू: १६४४) हे त्याचे मूळपुरुष. ते इंग्लंडमधील कोठले, याचा उलगडा १९९८ साली एका जुन्या पॅरिश-नोंदवहीमुळे झाला.

पूर्वीची समजूत

हॉपकिन्स हे ग्लॉस्टरशायरमधील वुटन-अंडर-एजचे व त्यांची प्रथम पत्नी कॉन्स्टन्स डडली, असे अनेक वंशावळींत छापले जात असे. डडली या नावास समकालीन आधार नाही. मुलीचे नाव कॉन्स्टन्स, म्हणून आईचेही तेच, असा तर्क त्यामागे असावा. एका वंशावळीतून दुसरीत उतरलेले विधान पुरावा ठरत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

हर्स्लीच्या नोंदी

प्लिमथचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहून ठेवलेल्या प्रवाशांच्या यादीत जाइल्स व कॉन्स्टन्स ही हॉपकिन्स यांची पहिल्या पत्नीपासूनची अपत्ये असल्याचे म्हटले आहे. पत्नीचे नाव वा गाव मात्र दिलेले नाही. ही दोन नावेच पुढे शोधाचा धागा ठरली. हॅम्पशायर परगण्यातील हर्स्ली येथील नोंदवहीत कॅलेब जॉन्सन यांना स्टीफन हॉपकिन्स यांच्या तीन अपत्यांचे बाप्तिस्मे आढळले: एलिझाबेथ, कॉन्स्टन्स (११ मे १६०६) आणि जाइल्स (३० जानेवारी १६०८). मूळ नोंदीत जाइल्सचे वर्ष १६०७ असे आहे. तेव्हा इंग्लंडात नववर्ष २५ मार्चला सुरू होई. हा भेद न जाणल्यास एका वर्षाची चूक होते.

एकट्या नावाच्या साम्यावर विसंबणे धोक्याचे असते. येथे मात्र वडील व दोन्ही मुले यांची नावे एकाच गावी जुळतात. शिवाय १६०९ मध्ये व्हर्जिनियाकडे निघालेले सी व्हेंचर हे जहाज बर्म्युडाजवळ फुटले, त्यावर स्टीफन हॉपकिन्स नावाचा प्रवासी होता. तो हाच मानला जातो, आणि हर्स्लीतील बाप्तिस्म्यांचा क्रम त्याआधीच थांबतो. त्याच गावी ९ मे १६१३ रोजी पत्नी मेरी हिचे दफन झाले. डडलीचा दावा त्यामुळे निकालात निघाला.

पुढील संशोधन

हॅम्पशायरमधीलच अप्पर क्लॅटफर्ड येथे ३० एप्रिल १५८१ रोजी बाप्तिस्मा झालेला, जॉन हॉपकिन्स यांचा मुलगा स्टीफन तो हाच, असे मत २००४ साली मांडले गेले. ते बहुतांशी स्वीकारले जात असले तरी मांडणाऱ्याने त्यास ‘संभाव्य’ असेच म्हटले आहे.