रंगवलेली तबकडी

आमचे काका रत्नागिरीहून मुंबईला गेले ते गिरणीत. साच्यावर उभे राहून शिल्लक टाकलेल्या पैशांतून त्यांनी एकच चैन केली: फेवर-ल्यूबाचे ‘सी किंग’ हे चावीचे मनगटी घड्याळ. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबत गेला, आणि घरातली तांब्याची भांडी मोडीत निघण्याआधी ते घड्याळ विकले गेले. काका गेले, काकू अजून त्याची आठवण काढतात. तसेच एखादे मिळाले तर त्यांच्या हाती ठेवावे, म्हणून यंदा मी मोबाईलवर शोध आरंभला. मिळाली तर ढीगभर! पण खरे कोणते?

याचे उत्तर इतिहासात आहे. या स्विस पेढीचा मुंबईशी व्यापार १८६५ पासूनचा. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी घड्याळ दुर्मिळ झाले. १९६१ साली बंगळुरात एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे काढली, तरी घरातले जुने स्विस घड्याळ कोण टाकून देणार? मग घड्याळजीच त्याचा वैद्य झाला. सुटा भाग मिळेना, तेव्हा तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करायचे. तबकडी काळवंडली की खरवडून पुन्हा रंगवायची. यात लबाडी कसली? मला तर ते कसबच वाटते. लबाडी सुरू झाली ती तेच घड्याळ ‘अस्सल, जसेच्या तसे’ म्हणून विकले जाऊ लागले तेव्हा. परदेशातल्या शौकिनांनी अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ असे नावच देऊन टाकले आहे.

तेव्हा चित्रात आधी तबकडी पाहावी, तीही मोठी करून. कारखान्यातली अक्षरे रेखीव असतात. हाताने रंगवलेली जाड, किंचित वाकडी, आणि मिनिटांच्या रेघा काट्यांच्या खुणांशी जुळत नाहीत. साठ वर्षांच्या घड्याळाचा चेहरा नव्या नवरीसारखा तुकतुकीत दिसला तर सावध व्हावे. अंधारात चमकणाऱ्या जुन्या आकड्यांत रेडियम असे. त्याच्या माऱ्याने भोवतालचा चमकणारा लेप केव्हाच जळून जातो. म्हणून १९५० चे म्हणवणारे घड्याळ आज लखलखत असेल, तर तो लेप मागाहूनचा. एकाच विक्रेत्याकडे एकच घड्याळ पाच रंगांत दिसले, की पुढे विचारायलाच नको.

सर्वांत मोठी कसोटी पाठीमागचे झाकण उघडण्याची. आतल्या यंत्रावर पेढीचे नाव आणि माणकांची संख्या कोरलेली असते. तबकडी एकाची आणि यंत्र दुसऱ्याचे, हे तिथेच उघडे पडते. आतला फोटो द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे पैसे पाठवू नयेत.

मी निवडलेल्या घड्याळाचा आतला फोटो विक्रेत्याने मुकाट्याने धाडला. यंत्र खरे होते. आनंदाने मी मोबाईल काकूंपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले.

“अरे, ह्यांचं पांढरं होतं. असं निळं कुठलं? आणि सहाजवळ डाग होता, पावसाचं पाणी गेलेला.”

मी विक्रेत्याला लिहिले, “न रंगवलेले, डागाळलेले एखादे आहे का?” उत्तर यायचे आहे.