मुखशुष्कतेचे मापन

तोंड कोरडे पडण्याची तक्रार संशोधनासाठी आकड्यांत नोंदवण्याच्या पद्धती. स्योग्रेन विकार (लाळ व अश्रू ग्रंथींवर परिणाम करणारा स्वप्रतिकार आजार), डोके-मानेच्या कर्करोगावरील किरणोपचार आणि अनेक औषधे यांमुळे ही तक्रार उद्‌भवते. जाणवणारा कोरडेपणा आणि लाळेचे घटलेले प्रमाण या निराळ्या गोष्टी होत. लाळ पुरेशी असूनही तोंड सुकते म्हणणारे रुग्ण भेटतात.

लाळ मोजणे त्यामानाने सोपे. रुग्णाने आधी निदान तासभर काही खायचे-प्यायचे नाही. मग मान खाली घालून, काहीही न चघळता, तोंडात जमेल ती लाळ आधी वजन केलेल्या नळीत सोडायची. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी प्रवाह हा स्योग्रेन विकाराच्या २०१६ च्या वर्गीकरणातील एक निकष आहे.

खरी अडचण जाणिवेची. ती मोजण्यासाठी १०० मिलिमीटरच्या रेषेवर रुग्णाकडून कोरडेपणा किती जाणवतो याची खूण करवून घेतात किंवा प्रश्नावली देतात. टॉमसन व सहकाऱ्यांच्या झेरोस्टोमिया (म्हणजे मुखशुष्कता) सूचीत (१९९९) ११ विधाने असून एकूण गुण ११ ते ५५ असतात. रात्री पाणी प्यायला उठावे लागणे, कोरडे अन्न खाताना त्रास होणे यांबरोबर डोळ्यांचा कोरडेपणाही तीत विचारतात.

डॉक्टरांनी दिलेली श्रेणीही वापरतात; श्रेणी जितकी वरची, तितका त्रास अधिक. ब्रिटनमधील पार्स्पोर्ट चाचणीत (२०११) वर्षभरानंतर दुसऱ्या किंवा वरच्या श्रेणीचा कोरडेपणा पारंपरिक किरणोपचारानंतर ७४ टक्के, तर लाळग्रंथी वाचवणाऱ्या पद्धतीनंतर ३८ टक्के रुग्णांत आढळला. मात्र केवळ श्रेणीवर विसंबणे अपुरे. चाचणीत रुग्णाचे उत्तर आणि लाळेचा प्रवाह दोन्ही नोंदवलेले असावेत.