वासरांत लंगडी गाय: एनएफएल प्लेऑफमधले लिंबूटिंबू

जानेवारी आला की ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी एक वाद हमखास रंगतो. अमेरिकेत दोनचार हिवाळे काढले असतील तर तो तुमच्याही कानावर आला असेल: "हा संघ प्लेऑफमध्ये पोचलाच कसा?" मग कुणीतरी जुनी नावं काढतं आणि आजवर प्लेऑफमध्ये पोचलेला सगळ्यात कच्चा संघ कोणता यावर अर्धा तास जातो. या वादात तुम्हाला उतरायचं असेल तर हाताशी थोडा दारूगोळा हवा, म्हणून हा लेख.

आधी व्यवस्था समजून घेऊ. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि २००२पासून त्यांचे चार-चार संघांचे आठ गट आहेत. गटात जो पहिला येईल त्याला थेट प्रवेश मिळतो, वर पहिला सामना घरच्या मैदानावर. उरलेल्या दोनचार जागा बाकीच्यांतल्या चांगल्या संघांना 'वाइल्ड कार्ड' म्हणून मिळतात. गटातले चारही संघ सुमार असले तरी त्यांतला एक पहिला येणारच. आपल्याकडे याला वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, आणि एनएफएलच्या नियमपुस्तकात या गाईला राखीव जागा आहे.

१९७० ते २००१ या काळात गट सहाच होते आणि बरेचसे पाच-पाच संघांचे होते. पाचांत एखादा तरी धड निघतो. गट चारांचे झाल्यावर चारही एकदम ढेपाळण्याची शक्यता वाढली, आणि आठ सीझन लोटल्यावर ती वेळ आलीच.

२०१० साली पश्चिमेकडच्या एका गटात सिअ‍ॅटल सीहॉक्स आणि सेंट लुईस रॅम्स यांचे प्रत्येकी ७ विजय आणि ९ पराभव झाले, सॅन फ्रान्सिस्कोचे ६ विजय आणि अ‍ॅरिझोनाचे ५. रॅम्स तर आदल्या वर्षी सोळांपैकी एकच सामना जिंकलेले. २ जानेवारी २०११च्या रात्री सिअ‍ॅटल आणि रॅम्स समोरासमोर आले. नेहमीचा क्वार्टरबॅक मॅट हॅसलबेक जायबंदी, म्हणून चार्ली व्हाइटहर्स्ट नावाचा राखीव खेळाडू उभा राहिला. सिअ‍ॅटलने तो कंटाळवाणा सामना १६–६ असा जिंकला आणि पूर्ण लांबीच्या सीझनमध्ये विजयांपेक्षा पराभव जास्त असूनही गट जिंकणारा तो पहिला संघ ठरला.

'पूर्ण लांबीच्या' हे शब्द उगाच घातलेले नाहीत. १९८२मध्ये खेळाडूंचा ५७ दिवस संप झाला, सीझन ९ सामन्यांवर आला आणि त्या वर्षापुरते १६ संघ प्लेऑफमध्ये घेतले. त्यात क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट ४ विजय, ५ पराभव घेऊन आत शिरले आणि पहिल्याच फेरीत गारद झाले, एक २७–१०, दुसरा ३१–७. जुनेजाणते प्रेक्षक सगळ्यात कच्चा संघ म्हणून या दोघांची नावं घेतात. पण हिशेब मांडून पाहा. नवांत चार म्हणजे ४४ टक्क्यांहून किंचित जास्त, आणि सोळांत सात म्हणजे ४४हून किंचित कमी. टक्केवारीत सिअ‍ॅटल संपाच्या वर्षातल्या या दोघांच्याही खालीच आहे.

आता सिअ‍ॅटलचे ते नऊ पराभव बघा. एकही थोडक्यात हुकलेला नाही. नऊच्या नऊ सामने १५ किंवा जास्त गुणांनी हरलेले. ओकलंडकडून ३३–३, जायंट्सकडून घरच्या मैदानावर ४१–७, टँपा बेकडून ३८–१५. सोळा सामन्यांत केलेले गुण ३१०, दिलेले ४०७, म्हणजे फरक उणे ९७. क्रिकेटमधला नेट रनरेट तुम्हाला ठाऊक आहेच, त्याचाच हा चुलतभाऊ समजा. विजय-पराभवात नशिबाचा वाटा मोठा असतो. एक चेंडू उलटा उसळला की निकाल फिरतो. गुणफरक सहसा इतका फसवत नाही.

याच मोजपट्टीने बाकीचे उमेदवारही तपासून घेऊ. २०२० सालचा वॉशिंग्टनचा संघही ७ विजय आणि ९ पराभवांवर गट जिंकला, त्यामुळे कॉफी मशीनपाशी त्यालाही सिअ‍ॅटलच्या पंगतीत बसवतात. पण त्यांचा गुणफरक होता अधिक ६. सिअ‍ॅटलपेक्षा शंभराहून जास्त गुणांनी चांगला संघ तो. प्रशिक्षक रॉन रिव्हेरा यांच्यावर त्या वर्षी कर्करोगाचे उपचार चालू होते. क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथचा पाय २०१८मध्ये मोडला होता, त्यात जंतुसंसर्ग झाला, १७ शस्त्रक्रिया झाल्या, आणि हा माणूस मैदानावर परतला. शेवटच्या सामन्याला गालबोट लागलं ते प्रतिस्पर्ध्यांमुळे: फिलाडेल्फियाने तीन गुणांनी मागे असताना चौथ्या क्वार्टरमध्ये जेलन हर्ट्सला बाहेर बसवून तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला उतरवलं आणि सामना २०–१४ असा सोडून दिल्यासारखा घालवला. त्यात फिलाडेल्फिया जिंकले असते तर ६ विजय आणि १० पराभवांवर न्यूयॉर्क जायंट्स गटविजेते झाले असते! मग हा लेख लिहायची गरजच उरली नसती, वाद तिथेच मिटला असता.

पुढे प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनकडून टेलर हायनिकी खेळला. हा गडी जेमतेम महिनाभरापूर्वी संघात आला होता, त्याआधी विद्यापीठातले राहिलेले विषय पूर्ण करत होता. टॉम ब्रेडीच्या टँपा बेसमोर त्याने ३०६ यार्ड फेकले. वॉशिंग्टन ३१–२३ असं हरलं, आणि त्याच टँपा बेने पुढे सुपर बोल जिंकला. अशा संघाला लिंबूटिंबू म्हणायला जीभ रेटत नाही.

याच रिव्हेरांच्या हाताखाली २०१४मध्ये कॅरोलायना पँथर्सनी ७ विजय, ८ पराभव आणि १ बरोबरी एवढ्यावर गट जिंकला होता. एका टप्प्यावर ते ३ विजय, ८ पराभवांवर होते. डिसेंबरात क्वार्टरबॅक कॅम न्यूटनच्या ट्रकला अपघात होऊन त्याच्या पाठीच्या हाडांना इजा झाली. तरी शेवटचे चारही सामने त्यांनी जिंकले, त्यातला निर्णायक सामना अटलांटात ३४–३. प्लेऑफमध्ये त्यांनी अ‍ॅरिझोनाला २७–१६ हरवलं, पण त्या विजयाचं फार कौतुक करू नका. अ‍ॅरिझोनाचे पहिले दोन्ही क्वार्टरबॅक जखमी होते आणि त्यांची अख्ख्या सामन्यातली वाटचाल ७८ यार्ड भरली, प्लेऑफच्या इतिहासातली सगळ्यात कमी. अर्थात पुढच्याच वर्षी याच पँथर्सनी १५ सामने जिंकून सुपर बोल गाठला.

बरोबरीतले संघ लोक विसरतात, हे मला खटकतं. ८ विजय आणि ८ पराभव हा आकडा दिसायला सभ्य असतो. २००४ सालच्या रॅम्सचा गुणफरक होता उणे ७३. २०११ सालच्या डेन्व्हरचा उणे ८१. टिम टीबोचं ते गाजलेलं वर्ष. शेवटचे तीन सामने हरून तो संघ प्लेऑफमध्ये आला आणि पिट्सबर्गला त्याने जादा वेळेतल्या पहिल्याच चालीवर ८० यार्डांच्या पासने हरवलं. पुढच्या आठवड्यात न्यू इंग्लंडने ४५–१० असा हिशेब चुकता केला. माझ्या यादीत दुसरा क्रमांक या डेन्व्हरचा, वॉशिंग्टन आणि कॅरोलायनाच्या बरंच खाली. पहिला अर्थातच सिअ‍ॅटल.

पण नुसत्या आकड्यांवर हा वाद इतका पेटत नाही. लोकांना राग येतो तो दाराबाहेर कोण राहिलं ते पाहून. २०१० साली वाइल्ड कार्डच्या शेवटच्या एका जागेसाठी तीन संघ १० विजयांवर होते: ग्रीन बे, जायंट्स आणि टँपा बे. जागा ग्रीन बेला मिळाली (आणि त्यांनी सुपर बोल जिंकून दाखवला). जायंट्स आणि टँपा बे घरी गेले. वर दिलेले पराभव आठवतात का? ४१–७ आणि ३८–१५. सिअ‍ॅटलला धूळ चारणारे हेच ते दोन संघ. दोघांनी ज्याला तुडवलं तो आत, आणि हे दोघे टीव्हीसमोर.

याहून क्रूर उदाहरण १९६७चं आहे. तेव्हा वाइल्ड कार्ड नव्हतंच. चार गट, चार विजेते, खेळ खलास. बाल्टिमोर कोल्ट्स शेवटच्या सामन्यापर्यंत एकदाही हरले नव्हते. प्रशिक्षक डॉन शुला, क्वार्टरबॅक जॉनी युनायटस, तोही त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. शेवटच्या सामन्यात लॉस एंजेलिस रॅम्सनी त्यांना ३४–१० हरवलं आणि दोघेही ११ विजय, १ पराभव, २ बरोबरी असे सारखे झाले. आपसातल्या निकालावर रॅम्स पुढे गेले. लीगमधली सर्वोत्तम कामगिरी बरोबरीने नावावर असलेले कोल्ट्स बाहेर. आत कोण? ९ विजयांचे क्लीव्हलंड, ९ विजयांचे डॅलस आणि ९ विजयांचे ग्रीन बे, ज्यांनी त्या वर्षीचं अजिंक्यपद मिळवलं. १९७०मध्ये वाइल्ड कार्ड आलं ते असा अन्याय पुन्हा इतक्या सहजी होऊ नये म्हणूनच, असं मला वाटतं.

मग गटविजेत्याची राखीव जागा काढूनच टाकावी का? इथे मी राखीव जागेच्या बाजूने आहे. सगळे संघ सगळ्यांशी खेळत नाहीत. आज १७ सामन्यांपैकी सहा सामने गटातल्या तीन शेजाऱ्यांशी होतात आणि बाकीचे वेळापत्रकाच्या कृपेने. त्यामुळे एका गटातले १० विजय आणि दुसऱ्या गटातले ७ एकाच तराजूत घालता येत नाहीत. गट जिंकण्याला काही किंमत नसेल तर शेजाऱ्यांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नसही संपली. मात्र घरच्या मैदानाचं बक्षीस मला पटत नाही. २०२४च्या सीझनमध्ये मिनेसोटाने १४ सामने जिंकले, पण गटातल्या डेट्रॉइटने १५ जिंकले, म्हणून मिनेसोटाला १० विजयांच्या रॅम्सशी पाहुणा म्हणून खेळावं लागलं. त्यानंतर २०२५मध्ये, ज्यांचा या नियमाने फायदाच झाला त्या डेट्रॉइटने प्रस्ताव मांडला: गटविजेत्यांचा प्रवेश कायम ठेवा, पण घरचं मैदान विजयांच्या क्रमाने द्या. पुरेसा पाठिंबा दिसेना तेव्हा मे महिन्यात त्यांनी तो मागे घेतला. मी असतो तर हात वर केला असता.

पण तसं म्हणताना ८ जानेवारी २०११ची दुपार आडवी येते. ११ विजयांचे गतविजेते न्यू ऑर्लिन्स सेंट्स ७ विजयांच्या सिअ‍ॅटलच्या दारात आले होते. हॅसलबेक परतला आणि त्याने चार टचडाउन पास टाकले. शेवटी ३४–३० अशी आघाडी असताना मार्शॉन लिंचने चेंडू घेऊन धाव सुरू केली, एकामागून एक अंगावर येणारे झटकत ६७ यार्ड पळाला, आणि प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये अशा उड्या मारल्या की जवळच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. ४१–३६. प्लेऑफमधला सगळ्यात कच्चा संघ त्या दिवशी गतविजेत्यांना घरी पाठवून मोकळा झाला. पुढे शिकागोत ३५–२४ हरला. त्या संघातली अर्ल थॉमस, कॅम चान्सलर ही पोरं पहिल्याच वर्षाला होती. तीन वर्षांनी त्यांनीच डेन्व्हरला ४३–८ असं चिरडून सुपर बोल उचलला.

डेट्रॉइटचा नियम तेव्हा असता तर तो सामना न्यू ऑर्लिन्सच्या बंदिस्त सुपरडोममध्ये झाला असता. दोन महिन्यांपूर्वी तिथेच सेंट्सनी सिअ‍ॅटलला ३४–१९ हरवलं होतं.