मधुमेहाची मूर्च्छा

काही रोगांचा इतिहास हा त्यांच्या उच्चाटनाचा इतिहास असतो. देवीच्या रोगाचा इतिहास असा आहे. १९८० साली तो पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि त्याचे प्रकरण मिटले. मधुमेहाची गोष्ट निराळी. माणसाला तो दोन हजारांहून अधिक वर्षे ठाऊक आहे, आणि आजही तो बरा होत नाही. फार तर आवरता येतो. मात्र या रोगाच्या पोटी एक मृत्यू दडलेला होता. तो तरुणांना, विशेषतः लहान मुलांना, हटकून गाठीत असे आणि त्याच्यापुढे वैद्य हात जोडून उभा राही. त्याला मधुमेहाची मूर्च्छा म्हणत. या मूर्च्छेची उकल कशी झाली, तिच्यावर उतारा कसा सापडला आणि उतारा सापडूनही ती अद्याप दाराबाहेर का उभी आहे, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक बोधप्रद हकीकत आहे.

या रोगाची पहिली चाहूल माणसाला मूत्राच्या गोडीवरून लागली. प्रमेही माणसाच्या अंगाकडे व मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, ही खूण आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवली आहे. सुश्रुताने तर याहून पुढचे पाऊल टाकले. प्रमेहाचे त्याने दोन प्रकार मानले. एक सहज, म्हणजे जन्मतःच आलेला. दुसरा अपथ्यामुळे जडलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, रुक्ष, थोडे खाणारा आणि सदा तहानलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा स्थूल, बहुभोजी आणि गादीवर लोळणारा असतो, असे त्याचे निरीक्षण आहे. आजचे वैद्यक मधुमेहाचे जे दोन मुख्य प्रकार मानते त्यांच्याशी ही विभागणी तंतोतंत जुळते असे म्हणणे धाडसाचे होईल; पण रोग्याकडे किती बारकाईने पाहिले जात होते, याची ती साक्ष आहे. निर्धन रोग्याने पायांत जोडा व डोक्यावर छत्री न घेता, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी, हा सुश्रुताचा सल्ला स्थूल माणसाच्या उपयोगी पडला असेल. कृश रोग्याचे मात्र त्याने काही भागले नसावे.

त्या कृश रोग्याचे चित्र इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाच्या अरिटियस या ग्रीक वैद्याने रेखाटले आहे. या रोगात मांस आणि अवयव जणू वितळून मूत्रावाटे वाहून जातात, असे त्याला दिसले. ग्रीकांनी रोगाला जे नाव दिले त्याचा अर्थच पाणी ओढून नेणारी नळी असा होतो. पुढे १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने मूत्रातील गोडी ही साखरेचीच असल्याचे दाखवून दिले आणि रोग्याचे रक्तही गोड असते याची नोंद केली. पण साखर रक्तात का साचते, आणि रोगी अखेर मरतो तो कशाने, ही दोन्ही कोडी तशीच राहिली.

त्यांतील दुसरे कोडे एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्यांनी सोडवले, आणि तेही एका वासापासून आरंभ करून. मृत्युपंथाला लागलेल्या मधुमेह्याच्या श्वासाला पिकून उतरू लागलेल्या फळासारखा वास येतो, हे अनेकांच्या ध्यानात आले होते. १८५७ साली पेटर्स याने अशा रोग्याच्या मूत्रात ॲसिटोन हे द्रव्य असल्याचे सांगितले. १८७४ साली फ्रायबुर्ग येथील आडोल्फ कुसमाउल याने या रोग्यांच्या एका विलक्षण श्वसनाचे वर्णन केले. वायुमार्गात कसलाही अडथळा नाही, फुप्फुसे स्वच्छ आहेत, आणि तरीही रोगी छातीचा भाता पुरा फुगवून एकेक श्वास असा घेतो की जणू खोलीतली हवा त्याला पुरत नाही. हा श्वास सुरू झाला की मूर्च्छा जवळ आली असे समजावे. आजही तो श्वास कुसमाउलच्याच नावाने ओळखला जातो. पुढे नाउनिन व त्याचा शिष्य ऑस्कर मिंकोव्स्की यांच्या अभ्यासातून उलगडा झाला की, रोग्याच्या रक्तात विशिष्ट अम्ले साचतात आणि ती अम्लताच त्याचा घात करते.

ही अम्ले येतात कोठून? त्याचे उत्तर मोठे विरोधाभासाचे आहे. अन्नातील पिष्ट पदार्थांची द्राक्षशर्करा होऊन ती रक्तात उतरते; परंतु तिला पेशींच्या आत प्रवेश मिळण्यासाठी स्वादुपिंडात तयार होणारा इन्शुलिन हा स्राव हवा असतो. तो नसला म्हणजे रक्तात साखरेचा पूर येतो आणि पेशी मात्र उपाशी राहतात. धान्याने भरलेल्या कोठाराला कुलूप असावे आणि दाराशी घरची माणसे भुकेने तडफडावीत, तशी ही स्थिती. मग शरीर आपल्या साठ्यातील चरबी मोडू लागते. ती यकृतात जाऊन तिच्यापासून कीटोन नावाची द्रव्ये बनतात. ती थोडी असली तर शरीर ती वापरून टाकते. इन्शुलिनच्या अभावी मात्र त्यांना धरबंद राहत नाही आणि रक्त अम्ल होऊ लागते. ते अम्ल बाहेर टाकण्यासाठी फुप्फुसे धडपडतात, म्हणून तो खोल श्वास. जादा साखर मूत्रावाटे जाताना शरीरातील पाणी व क्षार आपल्याबरोबर ओढून नेते, म्हणून ती न शमणारी तहान. पोटात दुखते, वांत्या होतात, ग्लानी येते आणि शेवटी शुद्ध हरपते. नव्या परिभाषेत या अवस्थेला मधुमेही कीटोअम्लता म्हणता येईल.

पहिल्या कोड्याचा उलगडा स्ट्रासबुर्ग येथे झाला. १८८९ साली मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह जडला. त्याच्या वीस वर्षे आधी पाउल लांगरहान्स या बर्लिनच्या तरुण विद्यार्थ्याने स्वादुपिंडात बेटांसारखे विखुरलेले पेशीसमूह पाहिले होते. त्या बेटांतच तो अज्ञात स्राव असावा असा तर्क बळावला. आणि लॅटिन भाषेतील बेट या अर्थाच्या शब्दावरूनच त्याला पुढे इन्शुलिन हे नाव मिळाले. पण नाव मिळणे वेगळे आणि वस्तू हाती येणे वेगळे. बर्लिनच्या झुल्झरने आणि बुखारेस्टच्या पाउलेस्कूने त्या दिशेने महत्त्वाचे प्रयत्न केले. रोग्याला निर्धोकपणे देता येईल असे औषध मात्र त्यांच्या हातून सिद्ध झाले नाही.

तोवर वैद्यांच्या हाती एकच उपाय होता, आणि तो रोगाइतकाच कठोर होता. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन याने १९१४ च्या सुमारास उपासाची चिकित्सा रूढ केली. अन्नच जवळजवळ तोडले म्हणजे साखर कमी होते, अम्ले कमी होतात आणि मूर्च्छा लांबणीवर पडते. लहान मुलांना मोजूनमापून अन्न दिले जाई. ती हाडांचे सापळे होऊन जगत. मूर्च्छेने आज मरायचे की उपासमारीने उद्या, एवढीच काय ती निवड आईबापांपुढे असे. परंतु त्या लांबवलेल्या दिवसांचे मोल पुढे दिसून आले. त्या वर्षांत तग धरून राहिलेली काही मुले इन्शुलिनच्या उदयापर्यंत पोचली.

तो उदय कॅनडातील टोरांटो शहरी झाला. फ्रेडरिक बँटिंग हा युद्धावरून परतलेला, व्यवसायात जम न बसलेला एक शस्त्रवैद्य. १९२० च्या ऑक्टोबरअखेर एक लेख वाचताना त्याला एक कल्पना सुचली आणि ती घेऊन तो टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्याकडे गेला. १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग व चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. वर्षअखेरीस जेम्स कॉलिप हा रसायनज्ञ त्यांना येऊन मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या तेरा-चौदा वर्षांच्या, अवघ्या ६५ पौंड वजनाच्या मुलाला पहिली सुई टोचण्यात आली. ती फसली. साखर थोडीशी उतरली, कीटोन तसेच राहिले आणि टोचलेल्या जागी गळू झाले. त्यानंतरच्या बारा दिवसांत कॉलिपने अर्क शुद्ध करण्याची रीत शोधून काढली. २३ जानेवारीपासून पुन्हा सुया सुरू झाल्या. या वेळी रक्तातील साखर ५२० वरून १२० वर आली आणि मूत्रातील कीटोन नाहीसे झाले. शतकानुशतके अटळ मानलेला मृत्यू माघारी वळल्याचा तो पहिला निःसंशय पुरावा होता. थॉम्प्सन त्यानंतर तेरा वर्षे जगला.

इन्शुलिन मिळताच बँटिंग मूर्च्छित मुलांनी भरलेल्या दालनातून खाटेखाटेने सुया टोचीत गेला आणि तो अखेरच्या खाटेशी पोचेतो पहिली मुले जागी होऊ लागली, अशी एक कथा वारंवार सांगितली जाते. ती हृद्य आहे. परंतु त्या काळच्या कागदपत्रांशी तिचा मेळ बसत नाही. खरा इतिहास याहून संथ आणि कष्टाचा आहे. मध्यंतरी अर्क बनविण्याची रीतच हातून निसटली आणि काही आठवडे औषधच मिळेनासे झाले. त्या टंचाईत कोणाला द्यावे आणि कोणाला नाकारावे, हा प्रश्न या तरुण संशोधकांना नित्य पडत असे. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंगने आपला वाटा बेस्टला आणि मॅक्लिऑडने आपला कॉलिपला देऊ केला. शोधाचे हक्क त्यांनी केवळ एकेक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. ज्या वस्तूवाचून माणूस जगू शकत नाही तिच्यावर एकाची मालकी असू नये, हा त्यामागचा भाव होता.

तथापि इन्शुलिनने रोग बरा होत नाही, हे लवकरच उमगले. ते औषध नसून रोजच्या अन्नपाण्यासारखी गरज आहे. आज घेतले म्हणून उद्या चुकत नाही. दुसऱ्या महायुद्धात शांघाय शहरी अडकून पडलेल्या एव्हा साक्सल या मधुमेही बाईंना याचा दारुण प्रत्यय आला. औषध संपत आले तेव्हा त्यांनी व त्यांच्या पतीने पुस्तकांच्या आधारे रेड्यांच्या स्वादुपिंडापासून इन्शुलिन तयार केले, ते सशांवर पारखून पाहिले आणि स्वतःबरोबर इतर रोग्यांचेही प्राण राखले. सुईचा पुरवठा तुटला की तीच जुनी मूर्च्छा काही दिवसांतच परत येते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

म्हणूनच १९२२ नंतरचा इतिहास हा शोधाइतकाच शिस्तीचाही आहे. बॉस्टनच्या इलियट जॉस्लिन यांनी रोग्यालाच शिकवून शहाणे करण्याचा मार्ग घालून दिला. आहार, व्यायाम आणि इन्शुलिन हे एका रथाचे तीन घोडे असून सारथ्य रोग्याने स्वतः करावयाचे, असे ते सांगत. लंडनचे डॉ. रॉबर्ट लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. मरणाची वाट पाहत फ्लॉरेन्सला जाऊन राहिलेला हा वैद्य १९२३ साली इन्शुलिनमुळे परत फिरला आणि १९६८ पर्यंत जगला. १९३४ साली त्यांनी एच. जी. वेल्स यांच्या साहाय्याने मधुमेह्यांची संस्था काढली. आपल्याकडेही १९५५ साली मुंबईत डॉ. अजगांवकर यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. त्या काळी काचेची पिचकारी उकळणे आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावात मूत्र तापवून तो हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते पाहणे, हा अनेक घरांतला नित्यक्रम होता.

विज्ञानही स्वस्थ बसले नव्हते. १९५५ साली फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनच्या एक्कावन्न घटकांची साखळी पूर्णपणे उलगडली. १९६९ साली डोरोथी हॉजकिन यांनी त्याची त्रिमिती रचना सिद्ध केली. त्या चमूत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. १९७८ साली जीवाणूंकडून मानवी इन्शुलिन करवून घेण्यात यश आले आणि १९८२ पासून ते बाजारात येऊ लागले. मूर्च्छेवरील उपचारही सुधारले. केवळ इन्शुलिन देऊन भागत नाही. आटलेल्या शरीराला शिरेवाटे पाणी व मीठ, आणि पुढे पोटॅशियमही, मोजून द्यावे लागते, हे अनुभवाने कळले.

एवढे सारे हाती असूनही ही मूर्च्छा आज माणसे का नेते? कारणे बहुधा साधी असतात. मुलाची तहान, वारंवार लघवी आणि रोडावणे याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग वांत्या व पोटदुखी हा अपचनाचा, आणि धाप हा छातीचा विकार समजला जातो. मूत्राची किंवा बोटाच्या रक्ताची एक साधी परीक्षा त्या वेळी झाली तर बालक वाचते. दुसरे कारण अधिक घातक आहे. ताप आला, अन्न जाईना, की खाल्ले नाही तर सुई कशाला, असा हिशेब घरोघर केला जातो. खरा हिशेब याच्या उलट असतो. आजारपणात शरीराची इन्शुलिनची गरज बहुधा वाढते. ते सर्वस्वी बंद करणे म्हणजे मूर्च्छेला आवतण देणे. अशा दिवसांत साखर व कीटोन पुन्हा पुन्हा तपासावे, पाणी पीत राहावे, मात्रा किती घ्यावी ते वैद्याला विचारावे, आणि वांत्या थांबत नसतील किंवा श्वास खोल होऊ लागला असेल तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तिसरे कारण म्हणजे दारिद्र्य. एका डॉलरला दिलेले इन्शुलिन जगातील कित्येक घरांना अजून परवडत नाही.

सुश्रुताच्या त्या कृश, तहानलेल्या रोग्याला आज शंभर योजने चालावे लागत नाही. त्याला हवे आहे ते रोजचे इन्शुलिन, ते थंड जागी नीट राखण्याची सोय आणि आपल्या रोगाचे ज्ञान. यांतील पहिल्या दोन गोष्टी समाजाने पुरवायच्या आहेत. तिसरी मात्र रोग्याने आणि त्याच्या घराने जागरूकपणे जवळ बाळगायची आहे. शास्त्राने मृत्यूला उंबऱ्याबाहेर नेऊन उभे केले. दाराची कडी रोज रात्री आतून लावण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते.