फ्रँक्लिनची निवृत्ति

संसाराचें ओझें केव्हां खालीं ठेवावें, याविषयीं मनूनें कांहीं संदिग्ध ठेविलेलें नाहीं. अंगावर सुरकुत्या पडाव्या, केस पिकावे, नातवाचें मुख दिसावें, आणि मग गृहस्थानें अरण्याची वाट धरावी. या हिशेबानें बेंजामिन फ्रँक्लिन यानें १७४८ च्या जानेवारींत जें केलें तें शास्त्रबाह्यच म्हटलें पाहिजे. त्या महिन्यांत त्याला ४२ वें वर्ष पुरें होत होतें, आणि मुलगी सेरा अवघी चार वर्षांची होती. अशा वेळीं त्यानें फिलाडेल्फियांतील आपला भरभराटलेला छापखाना दुसऱ्याच्या हातीं सोंपवून धंद्यांतून अंग काढून घेतलें.

हें त्याला साधलें कसें? वडिलोपार्जित इस्टेट त्याला मुळींच नव्हती. त्याचा बाप बोस्टनला मेणबत्त्या व साबण करून १७ अपत्यांचा संसार ओढीत होता. बेंजामिनची शाळा दहाव्या वर्षींच सुटली. ‘पुअर रिचर्ड’ पंचांगांतील त्याचीं बोधवचनें ज्यांना पाठ आहेत ते म्हणतील, पै पै सांठवून तो मोकळा झाला. मला हें उत्तर अपुरें वाटतें. काटकसर घरांत होती खरी. पण तिचा बराच भार बायकोच्या शिरावर होता. डेबोरा पत्रकें घडी घालून शिवीत असे, दुकान सांभाळीत असे, कागद करणारांसाठीं जुन्या चिंध्या विकत घेत असे. घरांत गुलामहि होते, आणि गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती त्याच्या वृत्तपत्रांत छापल्या जात. म्हातारपणीं तो गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला, म्हणून ही नोंद पुसली जात नाहीं.

परंतु खरी युक्ति निराळी होती. आपल्या हाताखालीं तयार झालेल्या होतकरू मनुष्याला यंत्र व खिळे देऊन तो दूरच्या गांवीं पाठवी. खर्चाचा एक तृतीयांश सोशी, नफ्याचा एक तृतीयांश घेई. करार सहा वर्षांचा. मुदत संपली कीं बहुतेक भागीदार सामान विकत घेऊन स्वतंत्र होत. आपण जेथें नाहीं तेथेंहि आपल्यासाठीं काम चालू असावें, ही व्यवस्था त्यानें तिशीच्या आंतच सुरू केली होती. स्वतःचा छापखाना त्यानें डेव्हिड हॉल या स्कॉटलंडांतून आलेल्या कारागिराला दिला तो याच रीतीच्या विस्तारानें: मुदत १८ वर्षें, आणि नफा अर्धा अर्धा. म्हणजे फ्रँक्लिनची निवृत्ति हॉलच्या प्रवृत्तीवर उभी होती.

या भागीदारांपैकीं एकीची हकीकत त्यानें आत्मचरित्रांत मोठ्या आवडीनें सांगितली आहे, आणि मला ती त्याच्या स्वतःच्या हकीकतीहून अधिक मोलाची वाटते. चार्ल्सटनला लुई टिमथी म्हणून भागीदार होता. तो विद्वान् व प्रामाणिक, पण जमाखर्चांत अगदीं अडाणी. पैसे पाठवी, हिशेब कधींच धड पाठवीत नसे. १७३८ त तो वारला. पदरीं लहान मुलें घेऊन त्याची विधवा एलिझाबेथ हिनें काम हातीं घेतलें. तिचें बालपण हॉलंडांत गेलें होतें, आणि तेथें मुलींना जमाखर्च शिकवीत. तिनें मागच्या व्यवहाराचा होईल तेवढा चोख हिशेब पाठविला, आणि पुढें दर तिमाहीस बिनचूक पाठवीत राहिली. मुलें वाढविलीं, आणि मुदत संपल्यावर छापखाना विकत घेऊन मुलाला त्यावर बसविलें. फ्रँक्लिनचें म्हणणें, मुलींना गाणें-नाचणें शिकविण्यापेक्षां हेंच शिकवावें. वैधव्य आलें तर त्यांच्या व मुलांच्या उपयोगीं तेंच पडेल. एलिझाबेथनें मिळविलें त्यालाहि स्वातंत्र्यच म्हणावयाचें. मात्र त्यांत सवड नव्हती.

फ्रँक्लिनला सवड मिळाली. गांवाच्या शांत भागांत बिऱ्हाड नेऊन, आतां आपल्या वेळेचे आपण धनी होऊं, असें त्यानें कोल्डन या विद्वान् मित्राला लिहिलें. विजेवरील प्रयोग याच काळांतले. पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग १७५२ चा. पण रिकामा मनुष्य दिसला कीं लोक त्याला सोडतात थोडेच! १७५१ त तो प्रांताच्या विधिमंडळांत गेला, १७५३ त वसाहतींच्या टपालखात्याचा एक मुख्य झाला, आणि १७५७ त प्रांताचें गाऱ्हाणें घेऊन लंडनला. तेथें पांच वर्षें गेलीं. १७६४ त पुन्हां गेला तो दहा वर्षांहून अधिक राहिला. समुद्राच्या भीतीनें डेबोरा कधींच बरोबर गेली नाहीं. तो परतण्यापूर्वींच, १७७४ च्या डिसेंबरांत, ती वारली. बाजारापासून सोडविलेला वेळ विद्येला मिळाला, देशाला मिळाला; घराच्या वांट्याला त्यांतला किती आला, हें चरित्रकार सहसा मोजीत नाहींत.

सेरा तेव्हां २१ वर्षांची होती. १७६४ च्या त्या प्रवासाला निघतांना बापानें तिला पत्र लिहिलें. त्यांत, मी नसतांना अंकगणित व जमाखर्च शीक, असा उपदेश होता. १७६६ त हॉलशीं केलेल्या कराराची मुदत संपली आणि उत्पन्नाचा मोठा ओघ आटला. पुढच्या वर्षीं सेराच्या लग्नाची गोष्ट निघाली, तेव्हां त्यानें लंडनहून डेबोराला कळविलें कीं भागीदारी संपली आहे, आतां जपून राहिलें पाहिजे. थाटाची मेजवानी नको, आणि मुलीचे कपडे व सामान मिळून ५०० पौंडांच्या वर जाऊं नये. लग्न त्याच ऑक्टोबरांत फिलाडेल्फियांत झालें. मुलीचा बाप लंडनलाच होता. जांवयाला त्यानें प्रथम पाहिलें तें १७७१ त, इंग्लंडमध्यें.